चिठ्ठीतली चौथी ओळ

डॉक्टर इनामदारांनी संगणकाचा पडदा दोघांकडे वळवला, तेव्हा मंदारला वाटलं, टाइप करताना कुणाचीतरी चूक झाली असावी. चिठ्ठीत चार ओळी होत्या. पहिली रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची. दुसरी ठोक्यांचा वेग आवरणाऱ्या गोळीची. तिसरी रक्तदाबाची. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: 'मंदार गजानन शेटे (जावई). रोज किमान चौदा तास, बारा मीटरच्या आत.'

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"तुम्ही आहात, काका."

शेजारच्या खुर्चीत त्याच्या सासूबाई, हेमलताबाई माळवदे, पदर सावरून बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. सव्वीस वर्षं कराडच्या पोस्टात खिडकीवर काढलेली, त्यामुळे कुठलाही कागद समोर आला की त्या तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचत.

"जावयाचं नाव औषधांच्या चिठ्ठीत?" त्या म्हणाल्या. "काढा ते. बरं दिसत नाही."

"मी नाही घातलं, आजी. पट्टीनं घातलंय."

पट्टी म्हणजे हेमलताबाईंच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. त्यांचं दुखणं एट्रियल फिब्रिलेशनचं. हृदयाचे वरचे दोन कप्पे आकसायचं सोडून नुसते थरथरतात. रक्ताने पुढे जायचं ते तिथेच घोटाळतं, साकळतं, आणि एखादी गुठळी सुटून मेंदूकडे गेली की माणसाचं अर्धं अंग जातं. त्यासाठी रक्त पातळ ठेवायचं, थरथर कमी करायची. आजार जुनाच होता, नवी होती ती पट्टी.

"पूर्वी आम्ही काय करायचो," डॉक्टर सांगू लागल्या, "हजार जणांना गोळी द्यायची, हजार जणांना द्यायची नाही, आणि फरक मोजायचा. त्यातून सरासरी माणसाला काय लागू पडतं ते कळायचं. पण सरासरी माणूस माझ्या दवाखान्यात आजवर आलेला नाही. ही पट्टी उलटं करते. एकाच माणसाचे शेकडो दिवस घेते आणि त्या दिवसांची आपसात तुलना करते. झोप, उकाडा, मीठ, चहा, भांडण, घरात कोण होतं, कोण नव्हतं. आजींचे चौदा महिने तिनं पाहिले. तुम्ही घरात असता त्या दिवशी थरथर तीन-चार मिनिटं. तुम्ही ओवीकडे बंगळूरला गेलात ते सहा दिवस, साताऱ्याच्या लग्नाचे तीन दिवस, तेव्हा रोज दोन-दोन तास. बाकी कशानंही एवढा फरक पडलेला नाही."

"मी घरात आहे हे तिला कसं कळतं?"

"तुमच्या मनगटातल्या कड्यावरून. तुम्ही संमती दिलीय."

दिली असणार. मुलीने, ओवीने, फोनवर एकेक पान पुढे सरकवत "बाबा, इथे अंगठा टेका" म्हटलं होतं, आणि त्याने टेकला होता.

"एक विचारायचं राहिलं," डॉक्टर हेमलताबाईंकडे वळल्या. "घरगुती काही घेता का? काढा, चूर्ण, आसव, मुळ्या वगैरे?"

"छे," हेमलताबाई तत्काळ म्हणाल्या. "सकाळी कपभर दूध."

मंदारने खिडकीबाहेर पाहिलं.

ते दूध म्हणजे अर्जुनसालीचं दूध होतं. साल कुटायची, दुधात तेवढंच पाणी घालून मंद आचेवर ठेवायची आणि पाणी आटून दूध उरलं की गाळायचं. हेमलताबाईंच्या वडिलांपासून घरात चालत आलेला हा पाठ. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मनगटांनी खलबत्त्याला नकार दिला. स्वयंपाकाच्या कमळाबाई दहाला येणार आणि दूध घ्यायचं उपाशीपोटी, म्हणून एका सकाळी मंदारने साल कुटली. त्या दिवशी हेमलताबाई रडायच्याच बाकी होत्या. जावयाच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, त्याच्या ताटाला हात लावू द्यायचा नाही, तो घरात आला की उठून उभं राहायचं, अशा रीतीत वाढलेली ती बाई. "कुणाला सांगू नका मंदारराव," त्या म्हणाल्या होत्या. "म्हातारी जावयाकडून सेवा करून घेते म्हणतील. ऋजुताची शपथ आहे." ऋजुता म्हणजे त्याची बायको, जाऊन तेव्हा चार वर्षं झालेली. तेव्हापासून रोज पहाटे पुढचं दार आतून लागायचं, मग खलबत्ता वाजायचा. आणि पट्टीने फोनवर "सकाळी काय घेतलंत?" असं विचारलं की हेमलताबाई म्हणायच्या, "दूध." त्या खोटं बोलत नव्हत्या. साल हे औषध आहे असं त्या घरात कुणालाच कधी वाटलेलं नव्हतं. औषध दवाखान्यातून येतं. हे आपलं खाणं.

चिठ्ठी लागू झाली त्या दिवसापासून घरातली भिंत बोलू लागली. भिंतीवरच्या स्पीकरमधून येणारा पट्टीचा आवाज कुणा सुशिक्षित, समजूतदार बाईचा होता.

"मंदार, आजची आपली मात्रा दोन तास चाळीस मिनिटांनी कमी आहे."

तो वाचनालयात असायचा. पुस्तक तिथेच उपडं ठेवून निघायचा. त्याचं घर मोजूनमापून बारा मीटरच्या आतलं झालं: पुढचा ओटा, मधली खोली, स्वयंपाकघर, मागची पडवी. परसातला औदुंबर बारा मीटरच्या पलीकडे होता. त्याच्या सावलीत खुर्ची टाकली की मनगटाला मुंगी चावल्यासारखं व्हायचं. तो खुर्ची उचलून अलीकडे आणायचा.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्याला हे आवडलं होतं. पाटबंधारे खात्यात त्याने चौतीस वर्षं नद्यांची पातळी मोजली. कृष्णा किती, कोयना किती, हे लिहून वर पाठवायचं, वर कोणी ते वाचतं की नाही कळायचं नाही. आपण असलो काय नि नसलो काय, जगाला फरक पडत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. आता एका यंत्राने चौदा महिने हिशेब करून सांगितलं होतं की फरक पडतो. हे वाक्य तो मनात घोळवायचा आणि लाजायचा.

पण कपाटात एक पत्र होतं. मिनिकॉय बेटावरच्या समुद्रपातळी केंद्राला निरीक्षक हवा होता, दोन वर्षांसाठी. अनुभवी, निवृत्त चालेल. चारी बाजूंनी समुद्र, राहायला दोन खोल्या, कामाला भरती-ओहोटी. एकोणसाठाव्या वर्षी त्याने घाबरत घाबरत अर्ज केला होता आणि त्यांनी होकार कळवला होता. तीस ऑक्टोबरची बोट. हे त्याने हेमलताबाईंना सांगितलं नव्हतं. ऋजुताच्या आजारपणात दोघं या घरात राहायला आली. ती गेल्यावर लगेच निघणं वाईट दिसलं असतं. मग सासूबाईंचं हृदय बिघडलं आणि निघणं आणखी वाईट दिसू लागलं. अशी सात वर्षं गेली. आता तर तो चिठ्ठीतच होता.

सप्टेंबरच्या शेवटी साल संपली. काष्ठौषधीवाल्या गुजरांच्या मुलीचं लग्न होतं, दुकान पंधरा दिवस बंद. दुसरीकडची साल हेमलताबाईंना चालत नसे. "पंधरा दिवस साधं दूध घेते, काय बिघडतंय," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी भिंत बोलली. "हेमलताबाई, काल आपल्या हृदयात एकशे दहा मिनिटे अनियमितता होती."

मंदार त्या अख्ख्या दिवसात घराबाहेर पडला नव्हता. पाचव्या दिवशी एकशे तीस मिनिटं. सहाव्या दिवशी हेमलताबाई ओट्याची एक पायरी चढून धापा टाकत बसल्या. छातीत चिमणी फडफडते आहे, म्हणाल्या.

सातव्या दिवशी भिंतीने निर्णय दिला. "सध्याची मात्रा अपुरी पडत आहे. मंदार, आजपासून वीस तास, सहा मीटरच्या आत."

तो मधल्या खोलीत उभा होता. सहा मीटर म्हणजे काय ते त्याने नजरेने मोजलं. ओटा गेला, पडवी गेली. वीस तास म्हणजे उरले चार: अंघोळ, बाजार आणि थोडं ऊन. आणि मोजता मोजताच, चौतीस वर्षं आकडे लिहिलेल्या त्याच्या डोक्याने आपलं काम केलं. तो घरातच होता. मग बदललं काय होतं? बंगळूरच्या सहा दिवसांत काय नव्हतं? साताऱ्याच्या तीन दिवसांत काय नव्हतं? तो जिथे नव्हता तिथे खलबत्ताही वाजलेला नव्हता.

नदीकाठच्या खांबावर पाणी चढतं तेव्हा खांब पाणी चढवत नसतो. फरक त्याच्यामुळे कधी पडलाच नव्हता. सालीमुळे पडत होता.

तो स्वयंपाकघरात गेला. हेमलताबाई तांदूळ निवडत होत्या. त्याला पाहून उठू लागल्या.

"बसा हो आई. एक बोलायचंय. औषध मी नाही. साल आहे."

हेमलताबाईंनी एक खडा बाजूला काढला. "हं," त्या म्हणाल्या.

"हं म्हणजे?"

"म्हणजे मलाही तसंच वाटत होतं."

"कधीपासून?"

"चिठ्ठी आली तेव्हापासूनच. तुम्ही बंगळूरला गेलात की माझी साल बंद. एवढं कळायला पट्टी कशाला हवी?"

मंदार पाट ओढून समोर बसला. "मग डॉक्टरांना बोलला का नाहीत? शपथेपायी?"

"शपथेपायी निम्मं." त्या तांदळातच पाहत होत्या. "पलीकडची जोशीण तुम्हाला काय म्हणते ते ऐकलंय तुम्ही. घरजावई. बायको गेली तरी सासूच्या भाकरीला चिकटलाय. सात वर्षं ऐकतेय मी. मला वाटलं, तुम्हाला जायला दुसरी जागा नाही. मग ती चिठ्ठी आली. मी जोशिणीला ओट्यावर बसवून वाचून दाखवली. म्हटलं, बघ, जावई उपकारानं राहत नाहीत माझ्याकडे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. त्या दिवसापासून बोलली का ती काही?"

ती काही बोलली नव्हती, हे खरं होतं.

"मला जागा आहे," मंदार म्हणाला. आवाज त्याचाच त्याला अनोळखी वाटला. "मिनिकॉयला." मग त्याने बोटीचं, समुद्राचं, दोन खोल्यांचं सगळं सांगितलं. सांगताना तो जमिनीकडे पाहत होता आणि त्याला वाटत होतं की आपण चोरी कबूल करतो आहोत.

हेमलताबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ," त्या म्हणाल्या. "शपथ मी घातली होती, मीच सोडते."

डॉक्टर इनामदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी हेमलताबाईंच्या दोन्ही बाह्या वर सारून पाहिल्या.

"मागं इथे काळेनिळे डाग पडत होते ना, आजी? हात लागला तरी?"

"पडत होते. आता नाहीत."

"ते डाग मी नोंदवले, त्यावरून पट्टीनं रक्त पातळ करायची गोळी दोनदा कमी केली. मला वाटलं, वय झालंय, गोळी जास्त होत असेल. सालीचा रक्तावर नेमका किती परिणाम होतो ते अजून कुणी नीट मोजलेलं नाही. पण समजा, थोडं काम ती करत होती. आता साल नाही आणि गोळीही कमी." त्यांनी मान वर केली. "गेला आठवडाभर तुम्ही उघड्यावर होतात. काही झालं नाही हे आपलं नशीब. एवढं दोघं शिकलेले आणि सांगितलं नाहीत?"

हेमलताबाईंनी बाह्या खाली ओढून घेतल्या.

"साल पूर्ण बंद. गोळी आजपासून पूर्वीएवढी. थरथरीसाठी एक नवी गोळी सुरू करते. साल खरंच उपयोगी असेल तर पुढे मोजून देऊ, चोरून नाही."

"आणि चौथी ओळ?" मंदारने विचारलं.

डॉक्टरांनी उसासा टाकला. "ती राहणार, काका."

"पण आता तर कळलंय—"

"तुम्हाला कळलंय. मलाही पटलंय. पट्टीला पुरावा लागतो. आज आपण साल बंद केली, गोळ्या बदलल्या. त्यात तुम्हीही निघून गेलात तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम आहे. चुकीचा नाही तो. नव्वद दिवस तुम्ही आहात तसे राहायचं, वीस तास. मग तुमची मात्रा हळूहळू उतरवू."

"माझी बोट तीस तारखेची आहे."

"सोडून गेलात तर नोंद होईल. आजारी माणसाचं चालू औषध तोडलं अशी. ती तुमच्या नावावर कायम राहील, आणि मिनिकॉयवालेही ती वाचतील. मी एकटी ती ओळ खोडू शकत नाही."

मंदारने मान डोलावली. अशी मान तो आयुष्यभर डोलावत आला होता. नियम चुकीचा नाही हे त्याला समजत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. नियम चुकीचा असता तर निदान भांडता आलं असतं.

"आणि मीच म्हटलं, मला नको हे औषध, तर?" हेमलताबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "औषध नाकारायचा हक्क तुम्हाला आहे. पण कारण लिहावं लागतं. नुसतं नको म्हणून चालत नाही. दुष्परिणाम, न सोसणं, असं काही."

"मग लिहा. सोसत नाही."

"आई, अहो—"

"तुम्ही थांबा, मंदारराव." त्या खुर्चीत ताठ बसल्या, पोस्टाच्या खिडकीमागे बसत असतील तशा. दारात नर्स फाइल घेऊन उभी होती, तिच्यामागे बाकावर दोन पेशंट. हेमलताबाईंनी आवाज कमी केला नाही. "या औषधानं मला घुसमटायला होतं. स्वतःच्या घरात पाय पसरून बसता येत नाही. दिवसभर पदर सावरून बसायचं. त्यांचं जेवण झाल्याशिवाय जेवता येत नाही. तोवर भूक मरते. रेडिओ मोठ्यानं लावता येत नाही. फाटक वाजलं की बंद करावा लागतो. दुपारी आडवं झालं तरी कान दाराकडे. सात वर्षं झाली. आता वीस तास म्हणताय. मला नाही सोसायचं."

डॉक्टरांची बोटं थांबली होती. नर्सने फाइल छातीशी धरली. संध्याकाळपर्यंत हे जोशिणीकडे पोचणार होतं. ज्या बाईने जावयाची शोभा होऊ नये म्हणून स्वतःच्या जिवाला घातक ठरणारी गोष्ट लपवली, तीच बाई त्याची चारचौघांत शोभा करत होती. त्याला सोडवण्यासाठी ती खोटं बोलते आहे, असं तो स्वतःला सांगू लागला. पण रेडिओ? फाटकाची कडी काढताना घरात गाणं चालू असायचं आणि तो आत येईपर्यंत घर गप्प झालेलं असायचं. जेवणाचं तर त्याने शंभरदा सांगून पाहिलं होतं, की आई, बरोबर बसा.

"अजून काही, आजी?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"माणूस भला आहे. ते नका लिहू."

डॉक्टरांनी लिहिलं. औषध थांबवल्याने होऊ शकणारे धोके वाचून दाखवले, रोज एकदा फोनवर तपासणीची अट घातली, कमळाबाईंची वेळ सकाळी सातची करायला सांगितली. हेमलताबाईंनी कागद मागून घेतला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, एक तारीख दुरुस्त करवली आणि पूर्ण नावाने सही केली. डॉक्टरांनी मंदारच्या मनगटातलं कडं सोडवलं. खालची कातडी पांढरी, लुळी पडली होती.

बाहेर ऊन होतं. रिक्षाची वाट पाहत दोघं पायऱ्यांशी उभे राहिले.

"आई," मंदारने विचारलं, "आत बोललात ते सगळं खरं होतं?"

"सव्वीस वर्षं पोस्टात होते मी. खोट्या कागदावर सही केली नाही कधी."

त्याला वाटलं होतं त्याहून ते जास्त लागलं. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

हेमलताबाईंनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. असं त्या कधी पाहत नसत.

"तुम्ही सांगितलंत?"

रिक्षा येऊन थांबली. एरवी त्या बाजूला होऊन त्याला आधी बसू देत. आज त्याच आधी चढल्या, आत सरकल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बसा," त्या म्हणाल्या. "बोट कुठून सुटते तुमची?"

"कोचीनहून."

"मग अठ्ठावीसला निघावं लागेल," त्या म्हणाल्या, आणि बोटांवर दिवस मोजू लागल्या.